कोलंबोतला एक दिवस आणि दादाची पाण्याची गोळी

मागे दवाखाना पंधरा दिवस बंद होता तेव्हा तुमच्यापैकी अनेकांचे फोन आले. परत आल्यावर प्रत्येकाने विचारलं, "डॉक्टर, मेलबर्नला काय काय पाहिलंत?" मेलबर्नबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. थंडी होती, पुतण्याच्या घरात हीटर होता आणि मी बहुतेक वेळ खिडकीत बसून चहा प्यायलो. मला लिहायचं आहे ते परतीच्या वाटेवर कोलंबोला जो एक दिवस थांबलो, त्याबद्दल. त्या दिवशी माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्या मी रोज तुम्हाला करू नका म्हणून सांगतो.

थोडी पार्श्वभूमी. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, सदुसष्ट वर्षांचा. बँकेतून निवृत्त. वडील लवकर गेले, तेव्हा हा विसाव्या वर्षी कॅशियरच्या काउंटरवर बसला आणि त्या पगारात माझं एमबीबीएस झालं. वहिनी गेल्यानंतर तो अकोल्यात एकटाच असतो. मुलाने आग्रह करून तीन महिने मेलबर्नला नेलं होतं. एकट्याला परत पाठवायला नको म्हणून शेवटच्या बारा दिवसांसाठी मी गेलो. येताना कोलंबोमार्गे तिकीट स्वस्त मिळालं. रात्री उशिरा उतरायचं आणि मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी रात्री. दादा म्हणाला, "विमानतळावर बसून काय करायचं? लंका बघू." ऑनलाइन परवानगी काढली, विमानतळाजवळ निगोम्बोला रात्रीपुरती खोली घेतली. मोठ्या बॅगा थेट मुंबईला जाणार होत्या. आम्ही हातात दोन छोट्या पिशव्या घेऊन बाहेर पडलो.

दादाची शुगर मोजायचं यंत्र मोठ्या बॅगेत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दादाच्या गोळ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आधीपासून होती. जानेवारीत बीपी १५० च्या वर राहायला लागलं म्हणून मी तिच्यात क्लोरथॅलिडोनची भर घातली. ही लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणारी गोळी. आपल्याकडे तिला लोक 'पाण्याची गोळी' म्हणतात. चांगली गोळी आहे, स्वस्त आहे, वर्षानुवर्षं लाखो लोक घेतात आणि तिने कित्येकांचे पक्षाघात टळलेत. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

पण जानेवारीतला दादा आणि जुलैमधला दादा वेगळा होता. मेलबर्नला सूनबाईच्या हातचं कमी मिठाचं जेवण, रोज नातवाबरोबर बागेत फेरी, लोणचं-पापड बंद. पाच किलो वजन उतरलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. वजन उतरलं आणि मीठ कमी झालं की बीपीही उतरतं, मग आधीच्या मात्रेतल्या गोळ्या जड होऊ शकतात. हे मी तुम्हाला ओपीडीत सांगतो की नाही? आणि माझ्या सख्ख्या भावाचं बीपी मी त्या बारा दिवसांत एकदाही मोजलं नाही. घरात यंत्र होतं. टीव्हीच्या बाजूला, रोज दिसत होतं.

विमानात आणखी एक गोष्ट झाली. दादाला प्रोस्टेटचा थोडा त्रास आहे. खिडकीची जागा, शेजारी दोन माणसं झोपलेली, सारखं उठवायला नको, म्हणून साहेबांनी दहा-अकरा तासांत जेमतेम दोन कप पाणी प्यायलं. आणि गुडघा आखडला म्हणून खिशातली डायक्लोफेनॅकची गोळी मला न विचारता घेतली. पाण्याची गोळी, टेल्मिसार्टन आणि वेदनाशामक ही तीन औषधं एकाच वेळी पोटात असताना शरीरातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा तो शांत झोपलाय असं समजून मी चित्रपट बघत होतो.

सकाळी निगोम्बोला नाश्त्याला तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांच्या चकत्या होत्या. सिंहलीत त्यांना इंदिआप्पा म्हणतात. बरोबर ओल्या नारळाची लाल तिखट चटणी. मला फार आवडली. दादाने एक चकती खाल्ली, "भूक नाही रे" म्हणाला, आणि सगळ्या गोळ्या नेहमीसारख्या घेतल्या. मी समोर बसून पाहत होतो. शुगरची गोळी पोटात गेली की ती आपलं काम करणारच, तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी जेवण टाळायचं नसतं, हेही मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय!

बाहेर निघालो तर फोनवर तापमान ३१ दाखवत होतं. दादा हसला. "एकतीस? अरे, आपल्याकडे मे महिन्यात पहाटे इतकं असतं." आम्ही विदर्भातली माणसं. पंचेचाळीसच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून स्कूटरवर फिरलेली. एकतीस अंशाची भीती कोणाला वाटणार?

इथे जरा थांबतो, कारण मुंबई, रत्नागिरी, गोवा, चेन्नई कुठेही जाणार असाल तरी हे तुमच्या उपयोगाचं आहे. अकोल्याला मे महिन्यात कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर मुंबईला नेऊन लावा, खोली गार होणार नाही, उलट अंथरूण ओलसर होईल. कारण साधं आहे. कूलरच्या ताटीवरचं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे पाणी उडायला जागाच नाही. आपलं शरीर म्हणजे असाच एक कूलर. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. पण उडाला तर. कपाळावरून टपटप गळून शर्ट भिजवणारा घाम शरीर गार करत नाही, फक्त मीठ आणि पाणी घेऊन जातो. कोलंबोत बारा महिने ही स्थिती. तापमान तिशीच्या आसपास, हवा समुद्राची, दमट. शरीर गार होत नाही म्हणून ते आणखी घाम काढतं, तरीही गार होत नाही.

आणि अकोल्याचं ऊन सोसलेलं शरीर? ती सवय बँकेतल्या ठेवीसारखी कायम राहत नाही. उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून जाणारं मीठ कमी होतं. थंड जागी गेलात की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. तीन महिने मेलबर्नच्या थंडीत काढलेल्या दादाचं शरीर त्या सकाळी अकोल्याचं राहिलेलंच नव्हतं. त्याला आणि मला ते माहीत नव्हतं इतकंच.

टॅक्सीने कोलंबोला आलो. आधी पेट्टा. हा शब्द आपल्या पेठेचाच नातेवाईक, आणि बाजारही अगदी तसाच. एका गल्लीत नुसती घड्याळं, दुसरीत कापड, तिसरीत मसाले. हातगाड्या ओढणारे लोक ओरडत वाट काढत होते. मध्येच लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल अल्फार मशीद दिसते, शंभरेक वर्षांपूर्वीची, लांबून एखाद्या मिठाईसारखी वाटते. दादा खुशीत होता. दालचिनी घेतली, घासाघीस केली. मी दर अर्ध्या तासाने त्याला काहीतरी पाजत होतो, म्हणजे अगदीच बेफिकीर नव्हतो. तिथे केशरी रंगाचं शहाळं मिळतं, तांबिली म्हणतात. दादाने दोन प्यायली. मला वाटलं, झालं, पाण्याची सोय झाली.

नारळपाण्याबद्दल आपल्या मनात एक भाबडी श्रद्धा आहे. ते चांगलंच आहे, पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणजे मीठ, आणि नारळपाण्यात सोडियम अगदी थोडं असतं. त्यात भरपूर असतं ते पोटॅशियम. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. मूत्रपिंडं चांगली असलेल्या माणसाला एखाद्या शहाळ्याने काही होत नाही. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांनी घाम आणि जुलाबाच्या दिवसांत, 'नारळपाणी आहे, कितीही चालतं' असं समजू नये. मी दादाला पाणी देत होतो, मीठ देत नव्हतो. आणि गोळी त्याच्या अंगातलं मीठ बाहेर काढतच होती.

पेट्टामधून फोर्ट भागात जुनं डच हॉस्पिटल पाहायला गेलो. सतराव्या शतकातली इमारत, जाड भिंती, आत चौक, कौलारू पडव्या. आता तिथे दुकानं आणि उपाहारगृहं आहेत. जहाजावर महिनोन्‌महिने काढून आलेल्या आजारी खलाशांसाठी ती बांधली होती. माझ्यातल्या डॉक्टरला तिथून हलवेना. पडवीत सावली होती, वारा होता. तिथेच तासभर बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला गॉल फेसचा समुद्र दुपारच्या आत उरकायचा होता.

गॉल फेस ग्रीन म्हणजे समुद्रालगतचं लांबलचक मोकळं मैदान. १८५९ साली ब्रिटिश गव्हर्नर हेन्री वॉर्ड याने ते लोकांच्या फिरण्यासाठी तयार करवलं. संध्याकाळी तिथे पतंग उडतात, कोळंबी लावलेले वडे विकायला गाड्या लागतात, सगळं शहर हवा खायला येतं. स्थानिक माणसं संध्याकाळी येतात, हे महत्त्वाचं. आम्ही गेलो पावणेबाराला. सावली म्हणाल तर नाहीच. दादा कठड्यावर बसला आणि म्हणाला, "जरा बसू दे." मी म्हटलं, "ऊठ की, मागे समुद्र येऊ दे, मुलांना फोटो पाठवू."

तो उठला. माझ्या हातात फोन होता, त्याच्या पडद्यावर मी त्याला पाहत होतो. चेहरा पांढरा पडला, डोळे वर गेले आणि तो घडी केल्यासारखा खाली आला. फोन टाकून मी त्याला धरलं खरं, पण उशिरा. डोकं आपटलं नाही हे नशीब.

तेहतीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. चक्कर येऊन पडलेली माणसं किती पाहिली असतील त्याला गणती नाही. त्या क्षणी माझे हात थरथरत होते आणि मला नाडी सापडत नव्हती. सापडली तेव्हा ती बारीक आणि जलद होती, १२० च्या आसपास. अंग गार, घामाने चिंब. अर्ध्या मिनिटात त्याने डोळे उघडले आणि "काय झालं?" म्हणाला. नाव सांगितलं, कुठे आहोत ते सांगितलं. मग माझं डोकं चालायला लागलं.

तीन शक्यता होत्या. उष्णतेने आणि पाणी-मीठ कमी झाल्याने उभं राहताच बीपी पडलं. किंवा शुगर उतरली. किंवा हृदय. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, नुसता घाम आणि भोवळ. पहिल्या शक्यतेसाठी आडवं झोपवून पाय वर करायचे. दुसरीसाठी शुगर मोजायची. आणि यंत्र कुठे होतं? मुंबईला जाणाऱ्या बॅगेत.

शहाळी विकणारा एक माणूस छत्री उपटून घेऊन धावत आला. त्याने ती दादाच्या डोक्यावर धरली, स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल आडवं करून पायांखाली दिलं. मला इंग्रजीत विचारलं, "फादर?" मी म्हटलं, "ब्रदर." "आह, अय्या," तो म्हणाला. सिंहलीत मोठ्या भावाला अय्या म्हणतात, धाकट्याला मल्ली. माझ्याकडे बोट करून हसला, "यू, मल्ली." त्या परिस्थितीतही दादाने डोळे उघडून "फादर?" असं रागाने विचारलं, तेव्हा मला जरा धीर आला.

शुगर मोजता येत नसेल आणि माणूस ती उतरवणारं औषध घेत असेल, तर शुगर उतरली आहे असं धरून साखर द्यायची. उतरली नसेल तर त्या एका कपाने फार बिघडत नाही. उतरली असेल आणि तुम्ही दिली नाही तर बिघडतं. अट एकच, माणूस पूर्ण शुद्धीवर हवा, स्वतः गिळणारा हवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्या माणसाच्या खोक्यात थंड जिंजर बिअर होती. नावात बिअर असली तरी ते आल्याचं गोड सरबत आहे, दारू नाही. दीडशे मिलीलिटरमध्ये तीन चमचे साखर सहज येते. दादाने निजल्या निजल्या मान उचलून ती हळूहळू घेतली.

तो विक्रेता १९९० ला फोन लावू का विचारत होता. आपल्याकडे जशी १०८, तशी श्रीलंकेत १९९० ही मोफत रुग्णवाहिका सेवा. २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झाली. तोवर दादाची नाडी भरली होती, तो नीट बोलत होता, अंगाला घाम होता. हे शेवटचं महत्त्वाचं. उन्हात पडलेल्या माणसाचं अंग तापून चाळीस अंशांच्या वर गेलं असेल, तो असंबद्ध बोलत असेल, त्याला झटके येत असतील, तर तो उष्माघात. तिथे एक मिनिटही वाट पाहायची नाही. रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालायचा. घाम सुटलाय म्हणून उष्माघात नाही, असंही समजू नका. उन्हात राबणाऱ्याला घाम येत असतानाच तो होऊ शकतो. दादाला तसं नव्हतं, पण ईसीजी हवाच होता. तिथल्या एका थ्री-व्हीलवाल्याने, म्हणजे आपल्या रिक्षावाल्याने, आम्हाला एका रुग्णालयात नेलं. शहाळीवाल्याने सरबताचे पैसे मोजून घेतले, सुटे परत दिले आणि छत्री पुन्हा रोवायला निघून गेला.

तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची असेल. ईसीजी काढला, नॉर्मल. शुगर ९२. पण ही जिंजर बिअर पोटात गेल्यानंतरची. आधी किती होती ते आता कधीच कळणार नाही. निजलेलं बीपी १०४ वर ६४. मग तिने दादाला उभं केलं, स्वतः आधार देऊन, आणि पुन्हा मोजलं. वरचं ८२. पुन्हा निजवलं.

"सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या?" तिने इंग्रजीत विचारलं. मी नावं सांगितली. पाण्याच्या गोळीपाशी तिने लिहिणं थांबवलं. "आज सकाळीसुद्धा? लिहून कोणी दिली?"

मी म्हटलं, "मी." आणि मी डॉक्टर आहे, हेही सांगावं लागलं.

तिने काहीच टोमणा मारला नाही. "वजन कधी कमी झालं?" एवढंच विचारलं. मग ती दादाकडे वळली, "अंकल, याआधी चक्कर आली होती का?" मी 'नाही' म्हणणार होतो. दादा म्हणाला, "दोनदा. मेलबर्नला. सकाळी अंथरुणातून उठताना."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. "मला का नाही सांगितलंस?"

"तू बारा दिवस सुट्टीवर आला होतास रे. आणि सांगितलं असतं तर तू आणखी एक गोळी वाढवली असतीस."

हे मला फार लागलं. कारण त्यात तथ्य होतं. माझ्यासमोर बसणाऱ्या किती जणांना असंच वाटत असेल? चक्कर सांगितली तर डॉक्टर चक्करेची गोळी देतील. ती आहे ती गोळी कमी करायची खूण आहे, हे पेशंटला कसं कळणार, जर आम्ही कधी सांगितलंच नसेल? उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मला सांगा. आणि मी विसरलो तर 'डॉक्टर, उभ्याने बीपी मोजा' असं सरळ म्हणा. पाच मिनिटं निजून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरत असेल तर औषधांचा फेरविचार करायला हवा. मात्र हे वाचून उद्या सकाळी कोणी बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्यातून पक्षाघात झालेलेही मी पाहिलेत. प्रवासाला, विशेषतः उन्हाच्या आणि दमट जागी निघण्याआधी येऊन भेटा. जुलाब, उलट्या किंवा भरपूर घाम असेल त्या दिवशी कोणती गोळी थांबवायची हे प्रत्येकासाठी वेगळं असतं, ते मी कागदावर लिहून देईन.

दादाला एक सलाईन लावलं. बाटली संपेपर्यंत मी बाहेर भिंतीवरचे डेंगीचे फलक पाहत बसलो. श्रीलंकेत २०१७ साली डेंगीचे १ लाख ८६ हजारांहून जास्त रुग्ण झाले होते. कोलंबोहून किंवा कुठल्याही अशा शहरातून आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला तर 'आम्ही तिकडे गेलो होतो' हे डॉक्टरांना न विचारता सांगा. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. मलेरियाचं मात्र उलट. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला मलेरियामुक्त जाहीर केलं. या देशाची गोष्ट मला मेडिकल कॉलेजपासून माहीत होती. १९६३ साली तिथे मलेरियाचे फक्त १७ रुग्ण उरले होते. मग फवारणी आणि तपासणी सैल झाली आणि पाच-सहा वर्षांत पाच लाखांवर रुग्णांची साथ आली. तिथून पुन्हा सुरुवात करून त्यांनी शून्य गाठलं.

निघताना त्या डॉक्टरने ओआरएसची पाकिटं दिली. तिथे त्याला जीवनी म्हणतात. आपल्या कानाला किती ओळखीचं नाव! खऱ्या ओआरएसच्या पाकिटात लिटरभर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, एकूण २०.५ ग्रॅम पूड असते. दुकानातली तशाच दिसणाऱ्या डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर हे आकडे आहेत का ते वाचा. ते मिळालंच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मधुमेही विचारतात, 'त्यात साखर असते ना?' असते, थोडी, आणि तिच्यामुळेच आतडं मीठ आत ओढतं. अशा दिवशी ती चालते. हृदय कमकुवत असलेल्यांनी किंवा पाण्याचं बंधन असलेल्यांनी मात्र आधी विचारा.

संध्याकाळपर्यंत आम्ही निगोम्बोच्या खोलीत पंख्याखाली पडून होतो. दादा घोट घोट जीवनी पीत होता. "बापाच्या वयाचा दिसतो का रे मी?" हे त्याने चार वेळा विचारलं. रात्रीचं विमान पकडलं. या वेळी त्याला कडेची जागा मागून घेतली.

अकोल्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.५, एरवी १.० असायचं. पाण्याची गोळी बंद केली, डायक्लोफेनॅकचं पाकीट मी स्वतः कचऱ्यात टाकलं, ग्लिमेपिराइड निम्मी केली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ आलं. ते दोन आठवडे मला नीट झोप नव्हती, हे दादाला माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

तुमच्यापैकी बरेच जण आता मुलांकडे जाता, वाटेत कुठे कुठे थांबता. औषधं, शुगरचं यंत्र, इन्सुलिन हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच नको, तिथे ते गोठू शकतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. क्लोरथॅलिडोन म्हटल्यावर त्या मुलीला लगेच कळलं, आपल्याकडचं ब्रँडचं नाव सांगितलं असतं तर ती बघतच राहिली असती. वाटेतला थांबा नैरोबी किंवा आदिस अबाबासारख्या ठिकाणी असेल तर पिवळ्या तापाच्या लसीबद्दल तिकीट काढण्याआधीच विचारा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

दादाला मी एक बीपीचं यंत्र घेऊन दिलंय. रोज सकाळी साडेसातला त्याचा मेसेज येतो. आजचाही आलाय: "मल्ली, बसून १२६, उभ्याने ११८. चक्कर नाही. दोन पोळ्या खाल्ल्या, मग गोळी घेतली. तू मोजलंस का तुझं?"